पोर्क शोल्डर धुरावर शिजवताना गुंडाळावा का, आणि गुंडाळायचा तर कधी?

प्रश्न असा आहे: हाडासकट चार किलोचा पोर्क शोल्डर (डुकराचा खांदा) सकाळी आठला स्मोकरमध्ये (धुरावर मंद शिजवायच्या भट्टीत) चढवला, स्मोकर ११० अंशांवर. दुपारी एकच्या सुमाराला आतलं तापमान ६८ अंशांना पोचलं आणि तिथेच बसलं. तीन वाजले तरी आकडा हललेला नाही. जेवायला माणसं साडेसातला येणार आहेत. आता फॉइलमध्ये गुंडाळावा की उघडाच ठेवावा? आणि गुंडाळला तर धुराची चव जाते का?

या प्रसंगापुरतं उत्तर सरळ आहे. गुंडाळा, फॉइलमध्येच गुंडाळा, आणि स्मोकर १३५ अंशांवर न्या. सहा-साडेसहाला तुकडा ९५ च्या आसपास येईल, पाऊण तास विसावेल आणि ताटं वेळेवर लागतील. उघडा ठेवला तर ११० अंशांवर रात्रीचे दहा-अकरा सहज वाजतात. धुराची चव कुठेही जात नाही. सात तासांत मांसाला जेवढा धूर लागायचा, त्यातला बहुतेक लागून झालेला आहे.

पण यावरून ‘शोल्डर ७० अंशांवर आला की गुंडाळायचा’ असा नियम मात्र काढू नका. हा नियम सगळीकडे सांगितला जातो आणि त्यानेच बरेचसे शोल्डर फिकट, ओलसर आणि उकडल्यासारखे होतात. गुंडाळायचं की नाही हे दोन गोष्टी ठरवतात: बाहेरचा बार्क, म्हणजे सुकून काळपट झालेला मसाल्याचा थर, तयार झाला आहे का, आणि हातात वेळ किती आहे. थर्मामीटरचा आकडा या दोन्हींबद्दल फारसं काही सांगत नाही.

(खाली सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत. ज्यांच्या स्मोकरवर फॅरनहाइट आहे त्यांच्यासाठी: ११० म्हणजे २३०, १२० म्हणजे साधारण २५०, १३५ म्हणजे २७५, ६८ म्हणजे १५५, ७५ म्हणजे १६७ आणि ९५ म्हणजे २०३.)

आकडा अडकतो तो का

अमेरिकेत याला ‘स्टॉल’ म्हणतात. मोठा तुकडा ६५ ते ७५ अंशांच्या मध्ये कुठेतरी थांबतो आणि तिथे तीन, चार, कधी सहा तासही काढतो. पूर्वी समजूत अशी होती की, कोलॅजन विरघळायला किंवा चरबी वितळायला सगळी उष्णता खर्च होते. ते खरं कारण नाही. भौतिकशास्त्रज्ञ ग्रेग ब्लाँडर यांनी पाण्यात भिजवलेला स्पंज आणि निव्वळ चरबीचा गोळा असे दोन्ही तापवून पाहिले. चरबीचा आकडा न थांबता चढत गेला आणि स्पंज मात्र मांसासारखाच मध्ये अडकला. म्हणजे थांबवणारं आहे ते पाणी, बाष्प होऊन उडून जाणारं पाणी.

माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच कारण इथे आहे. पृष्ठभागावरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात. चार किलो मांस फ्रिजमधून काढून ७५ अंशांपर्यंत न्यायला हजार किलोज्यूलच्या आतबाहेर. शोल्डरमधून दिवसभरात अर्धा-पाऊण किलो पाणी उडून गेलं, तर तेवढ्यानेच मांस तापवण्याइतकी किंवा त्याहून जास्त उष्णता खर्च झाली. स्मोकर देतो तेवढी उष्णता वाफ घेऊन जाते, दोन्ही बाजू बरोबरीत येतात आणि आकडा थांबतो.

मग तो सुटतो कधी? आतून बाहेर येणारं पाणी कमी पडायला लागलं आणि पृष्ठभाग सुकला की. त्या सुकलेल्या थरात मीठ, मसाला, धूर, चरबी आणि प्रथिनं एकमेकांत घट्ट बसतात, काळपट होतात, आणि त्यालाच आपण बार्क म्हणतो. म्हणून त्या चार तासांत काहीच होत नाही असं समजू नका. तेव्हाच तर शोल्डरची सगळ्यात चांगली चव बनत असते. फॉइल लावली की बाष्पीभवन थांबतं, आकडा झपाट्याने चढायला लागतो, आणि त्याच क्षणी बार्क बनणंही थांबतं. किती वेळ वाचवायचा आणि त्यापायी किती बार्क सोडायचा, एवढाच हा सौदा आहे.

पावसाळ्यात माठ नीट गार करत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तसंच मुंबई-कोकणाच्या दमट हवेत स्टॉल थोड्या वरच्या तापमानावर येतो आणि बार्क धरायला उशीर लागतो. स्मोकरमध्ये पाण्याचं भांडं ठेवलं असेल तरी तेच होतं. पहिल्या तीन-चार तासांनंतर ते भांडं काढून टाकलेलं बरं.

ओलावा टिकवायला गुंडाळायचं का?

हा गैरसमज ब्रिस्केटवरून आला आहे. ब्रिस्केट म्हणजे टेक्सासमध्ये शिजवला जाणारा गाईच्या छातीचा मोठा तुकडा, त्यातला सपाट भाग अगदी कमी चरबीचा, आणि तो सुकण्याची भीती खरी आहे. म्हणून तिकडे फॉइलमध्ये गुंडाळायची पद्धत पडली आणि तिला ‘टेक्सास क्रच’ हे नाव मिळालं. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या फ्रँकलिन बार्बेक्यू या हॉटेलामुळे पुढे गुलाबी बुचर पेपर (मांस गुंडाळायचा जाड कागद) गाजला, तोही ब्रिस्केटसाठीच.

शोल्डरचं तसं नाही. अमेरिकेच्या बाजारात ‘बोस्टन बट’ म्हणून मिळणारा खांद्याचा वरचा भाग आतपर्यंत चरबीने भरलेला असतो आणि स्नायूंच्या मध्ये कोलॅजनचे जाड पडदे असतात. शिजल्यावर तोंडात जो रसाळपणा लागतो तो मुख्यतः वितळलेल्या चरबीचा आणि कोलॅजनपासून झालेल्या जिलेटिनचा. पाणी थोडं जास्त उडालं तरी अशा तुकड्याला ते सोसतं. उघडा शिजवलेला शोल्डर वजनाने थोडा कमी भरेल, पण नीट शिजला असेल तर कोरडा लागणार नाही.

एक मुद्दा इथे ठासून सांगायला हवा, कारण गुंडाळण्याचे निम्मे सल्ले याच गोंधळातून येतात. शोल्डर कापून पाहिला आणि तो कोरडा, चिवट, धागे न सुटणारा निघाला, तर शंभरातल्या नव्वद वेळा तो जास्त शिजलेला नसतो, कमी शिजलेला असतो. ८०-८५ अंशांवर स्नायू आवळून पाणी सोडून बसलेले असतात, आणि कोलॅजन अजून पुरतं विरघळलेलं नसतं. दोन्हीकडून नुकसान. अशा वेळी ‘पुढच्या वेळी लवकर गुंडाळू’ असं ठरवू नका. त्याच तुकड्याला आणखी दीड-दोन तास द्या. ९० च्या पुढे तो आपोआप सैल होतो.

नॉर्थ कॅरोलायनातल्या लेक्झिंग्टनमध्ये अख्खे खांदे हिकरीच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर तासन्‌तास उघडे शिजतात, कुठेही फॉइल नाही. तिथे गिऱ्हाईक ‘आउटसाइड ब्राऊन’ म्हणून बाहेरचे काळपट, खरपूस तुकडे खास मागून घेतं. खांद्याचा बार्क किती मोलाचा आहे हे त्या गावाला पक्कं ठाऊक आहे.

त्यामुळे आमचं मत: वेळ असेल तर शोल्डर उघडाच शिजवा. रात्री दहाला चढवा, सकाळी अकरा-बाराला उतरवा, गरम राहावा म्हणून रिकाम्या आईसबॉक्समध्ये ठेवा. वेळ बेताचा असेल तर बार्क तयार झाल्यावर गुंडाळा. वेळ अजिबातच नसेल तर फॉइल, वरच्या उदाहरणासारखी.

अपवाद छोट्या तुकड्यांचा. दीड-दोन किलोचा, हाड काढलेला तुकडा असेल तर वजनाच्या मानाने पृष्ठभाग फार मोठा असतो आणि टोकं लाकडासारखी होतात. तो कागदात किंवा अर्ध्या फॉइलमध्ये (माथा उघडा ठेवून) गुंडाळणंच बरं. हाड काढलेला तुकडा आधी सुतळीने आवळून बांधा, नाहीतर पाकळ्या सुटून प्रत्येक पाकळी वेगळ्या वेळी शिजते.

बार्क तयार झाला हे कसं ओळखायचं

रंग आधी बघा. तांबूस-विटकरी असेल तर थांबा. गडद तपकिरी, कडांना काळ्याकडे झुकलेला असेल तर पुढची परीक्षा. नखाने हलकेच खरवडा. मसाला नखाला ओल्या लेपासारखा येत असेल, तर तो अजून बसलेला नाही; आत्ता गुंडाळला तर वाफेने सगळा धुऊन फॉइलच्या तळाशी जाईल. नखाखाली कोरडं, खडबडीत लागलं आणि काही सुटलं नाही तर बार्क बसला. तिसरी खूण वरच्या चरबीच्या थरावर दिसते: तो मऊ पडतो, बोट दाबलं की खळगा राहतो, काही ठिकाणी फाटायला लागतो.

हे सगळं १२० अंशांच्या स्मोकरमध्ये आतलं तापमान साधारण ७२ ते ७८ अंशांच्या मध्ये असताना जुळून येतं, पण स्मोकरप्रमाणे खूप फरक पडतो. ऑफसेट स्मोकरमध्ये (बाजूला वेगळी आगपेटी असलेल्या) हवा सतत वाहत असते, पृष्ठभाग लवकर सुकतो, बार्क ७० लाच तयार मिळू शकतो. पेलेट ग्रिलमध्ये (लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या) पंखा असतो, तिथेही सुकणं चांगलं होतं, फक्त धूर सौम्य असल्याने रंग उशिरा येतो. कामाडोमध्ये (जाड सिरॅमिकच्या अंडाकृती भट्टीत) हवा अगदी कमी फिरते, आतली वाफ आतच राहते. तिथे ८० पर्यंत थांबावं लागलं तरी थांबा. कपाटासारख्या इलेक्ट्रिक स्मोकरमध्ये तर कधी कधी बार्क धरतच नाही. तिथे झडप पूर्ण उघडी ठेवा आणि शेवटचा तास तुकडा ओव्हनमध्ये १५० अंशांवर उघडा काढा.

बार्क लवकर आणि चांगला हवा असेल तर त्याची तयारी आदल्या रात्री होते. वरची चरबी अर्ध्या सेंटिमीटरच्या जाडीवर छाटा. जाड चरबी पूर्ण वितळत नाही आणि तिच्यावरचा मसाला खाताना चरबीबरोबर टाकला जातो. दर किलोला १२ ग्रॅम मीठ चोळून तुकडा फ्रिजमध्ये उघडा ठेवा. सकाळी बाकीचा मसाला लावा: चार किलोला ३० ग्रॅम जाडसर मिरपूड, ३० ग्रॅम पॅप्रिका किंवा कश्मिरी मिरची पूड, हवी तर ४० ग्रॅम ब्राऊन शुगर. साखर घातली असेल आणि स्मोकर १३५ च्या बराच वर असेल तर ती जळून कडू होऊ शकते. अशा वेळी गुंडाळण्याचा तेवढा फायदा खरा आहे.

रस फवारत बसण्याचा सोस कमी करा. प्रत्येक फवारणी म्हणजे पृष्ठभागावर नवं पाणी, म्हणजे स्टॉल आणखी लांब. पहिल्या तीन तासांत अजिबात नको, मसाला वाहून जातो. नंतर कडा सुकून कडक होताना दिसल्या तर तेवढ्याच जागी हलका फवारा मारा. झाकण दर अर्ध्या तासाने उघडणाऱ्यांचा शोल्डर दोन तास उशिरा होतो, यात नवल नाही.

धुराबद्दल एवढंच. कापल्यावर कडेला दिसणारी गुलाबी कड धुरातल्या नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडची मायोग्लोबिनशी गाठ पडून होते. कडेचं मांस ६०-७० अंशांवर गेलं की ती वाढायची थांबते, मग गुंडाळा किंवा नका गुंडाळू. चव मात्र पुढेही थोडीथोडी बसत राहते, पण थंड आणि ओलसर पृष्ठभागाला धूर जास्त चिकटतो, सुकलेल्याला कमी. म्हणून लाकूड पहिल्या चार-पाच तासांत चांगलं वापरा आणि धूर पातळ, निळसर राखा. दाट पांढरा धूर सतत निघत असेल तर बार्क काजळीने कडू होतो आणि तो कडूपणा गुंडाळून झाकला जात नाही.

फॉइल, कागद, की अर्धी फॉइल

फॉइल सगळ्यात वेगवान. बाष्पीभवन जवळजवळ शून्य, म्हणून ७० ते ९५ चा प्रवास १३५ अंशांवर अडीच-तीन तासांत होतो. किंमत अशी की बार्क मऊ पडतो. ४५ सेंटिमीटर रुंदीची जाड फॉइल घ्या, मीटर-मीटरचे दोन तुकडे अधिकच्या चिन्हासारखे एकमेकांवर ठेवा. नेहमीची घरगुती पातळ फॉइल असेल तर चार थर करा. शोल्डर चरबीची बाजू खाली करून मध्ये ठेवा. फॉइल मांसाला अगदी चिकटवून आवळा. वर मोकळी जागा राहिली की तिथे वाफ कोंडते आणि बार्क चिखलासारखा होतो. हाडाचं टोक बाहेर येत असेल तिथे फॉइलचीच घडी करून गादी ठेवा, नाहीतर उचलताना फॉइल फाटते आणि सगळा रस निखाऱ्यांवर जातो. प्रोब (थर्मामीटरची सुई) वरच्या बाजूने खुपसा, खालून नको. सगळं एका कडा असलेल्या ट्रेमध्ये ठेवा.

आत सफरचंदाचा रस, लोणी, मध, साखर घालायचे सल्ले भरपूर मिळतील. काहीच घालू नका. तुकडा स्वतःच पेलाभर रस सोडतो, त्यात आणखी पाणी घातलं की बार्क उकडतो. व्हिनेगर तर नकोच: ॲल्युमिनियमशी तास-तास लागून राहिलं तर फॉइलला बारीक भोकं पडतात आणि धातूची चव उतरते. आंबटपणा नंतर, धागे सोडवताना घालायचा.

बुचर पेपर वाफ थोडी बाहेर सोडतो. वेळेची बचत फॉइलच्या साधारण निम्मी, बार्क बराच टिकतो. मेण किंवा प्लास्टिकचा थर नसलेला कागद हवा, ६० सेंटिमीटर रुंद, सव्वा मीटर लांब, दोन वेढे घट्ट. भारतात तो सहज मिळत नाही. त्याऐवजी ‘बटर पेपर’ घेणार असाल तर एक खबरदारी: या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. बेकिंगचा पार्चमेंट चालतो. मिठाईवाल्याकडचा मेणाचा कागद चालत नाही, मेण वितळून मांसात जातं. वर्तमानपत्र कधीच वापरू नका, शाई मांसाला लागते.

शोल्डरसाठी सगळ्यात जमून येणारी युक्ती मात्र अर्ध्या फॉइलची आहे. बार्क तयार झाल्यावर तुकडा फॉइलवर ठेवायचा, कडा फक्त बाजूंपर्यंत वर आणून आवळायच्या, माथा उघडा. खालचा भाग रसात राहतो, बाजूंनी वाफ जात नाही, आणि वरचा बार्क सुकत-खरपूस होत राहतो. वेळ फॉइलपेक्षा तास-दीड तास जास्त लागतो. रस वाया जात नाही हा मोठा फायदा. फॉइल आवळायचा कंटाळा असेल तर तुकड्याला बेताची बसेल अशी ॲल्युमिनियमची खोल ट्रे घ्या, तेच काम होतं.

एकदा पूर्ण गुंडाळला की मांसाला धूर लागत नाही, त्यामुळे पुढे लाकूड जाळण्यात अर्थ नाही. सरळ घरातल्या ओव्हनमध्ये १३५ अंशांवर हलवा. ओव्हन आकडा स्थिर ठेवतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

उतरवायचा कधी, आणि पुढे काय बिघडतं

लक्ष्य ९३ ते ९६. पण उतरवायचा तो प्रोबच्या स्पर्शावर. तीन-चार ठिकाणी प्रोब खुपसा. कुठेच अडथळा लागला नाही तर झाला. दुसरी खात्री खांद्याच्या चपट्या हाडाची: चिमट्याने धरून फिरवलं की ते सुटं हलतं, ओढलं की मांस न चिकटता स्वच्छ बाहेर येतं. आकडा ९५ आहे आणि हाड घट्ट आहे, तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. प्रोब चरबीच्या शिरेत किंवा हाडाला लागून बसला असेल तर तीन-चार अंशांची चूक सहज दाखवतो. जागा बदलून पुन्हा बघा.

फॉइलमधला शोल्डर ९० च्या पुढे फार पटकन शिजतो आणि सगळ्यात जास्त तुकडे इथेच बिघडतात. ८८ झाले की दर वीस मिनिटांनी तपासा. ९९ पर्यंत गेला तर धागे सुटत नाहीत, लगदा होतो. मग कितीही सॉस घातला तरी तो सुधारत नाही.

उतरवल्यावर लगेच आईसबॉक्समध्ये कोंबणं हीसुद्धा तीच चूक, जरा वेगळ्या मार्गाने. गुंडाळलेला गरम तुकडा आत आणखी शिजत राहतो. आधी फॉइल वरून उघडा, दहा-पंधरा मिनिटं वाफ जाऊ द्या. मग परत आवळा, जुन्या टॉवेलात लपेटा आणि आईसबॉक्समध्ये ठेवा. आईसबॉक्स आधी पाच मिनिटं गरम पाणी भरून तापवून घ्या. चार किलोचा तुकडा असा तीन-चार तास चांगला गरम राहतो, प्रोब आतच ठेवा आणि ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, त्याखाली जिवाणू वाढायला लागतात. किमान पाऊण तास विसावा हवाच. दोन तास दिलेत तर रस जिलेटिनसह घट्ट होऊन मांसात मुरतो.

या आईसबॉक्समुळेच उघडं शिजवणं व्यवहारात जमतं. शोल्डर किती वाजता होईल हे कोणीच मिनिटांत सांगू शकत नाही. १२० अंशांवर चार किलोला उघडे बारा ते चौदा तास, कागदात दहा ते बारा, फॉइलमध्ये आठ ते दहा, असा अंदाज धरा आणि जेवणाच्या तीन तास आधी संपेल असा सुरू करा. लवकर झाला तर आईसबॉक्समध्ये थांबेल. उशीर झाला तर फॉइल आहेच.

फॉइलमुळे बार्क मऊ पडला असेल तर तो बराचसा परत येतो. विसावा झाल्यावर फॉइल पूर्ण काढा, रस भांड्यात गाळून ठेवा, आणि तुकडा १५० अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा स्मोकरमध्ये पंधरा-वीस मिनिटं उघडा ठेवा. पृष्ठभाग सुकून पुन्हा कडक होतो. मुळात बार्क झालाच नसेल तर मात्र यातून काही मिळत नाही, नुसती कोरडी साल मिळते.

महाराष्ट्रात करणार असाल तर

वसई, वांद्रे किंवा गोव्यातल्या पोर्कच्या दुकानात खांदा बहुतेक वेळा कातडीसकट आणि भाजीसाठी छोटे तुकडे करूनच देतात. आदल्या दिवशी सांगून अख्खा, हाडासकट, न कापलेला खांदा ठेवायला लावा. कातडी घरी आणल्यावर सोलून काढा, खाली थोडी चरबी राखून. कातडीवर मसाला आणि धूर आत शिरत नाही, बार्क धरत नाही, आणि आठ तासांनी ती चामड्यासारखी होते. काढलेली कातडी वेगळी कुरकुरीत तळता येते. लाकूड आंब्याचं किंवा पेरूचं, पूर्ण वाळलेलं, साल काढलेलं चालतं. चीक-राळ असलेलं, रंग दिलेलं, प्लायवूडचं किंवा पॅकिंगच्या खोक्याचं लाकूड नको. आपल्याकडचे खांदे बरेचदा दोन-अडीच किलोचेच असतात, तेव्हा वर सांगितलेला छोट्या तुकड्यांचा अपवाद लागू: बार्क धरला की अर्धी फॉइल. आणि वेळ वजनावर मोजू नका, जाडीवर मोजा. अडीच किलोचा पण तेवढाच जाड तुकडा चार किलोच्या तुकड्याहून फार लवकर होत नाही.

धागे सोडवताना

रस उंच भांड्यात दहा मिनिटं स्थिर ठेवा, वर आलेली चरबी काढा, खालचा गडद रस चाखून बघा. तो खारट असतो. मांस हाताने जाड धाग्यांत सोडवा, यंत्राने भुगा करू नका. चरबीचे न वितळलेले गोळे काढून टाका. बार्क बाजूला घेऊन सुरीने बारीक कापा आणि सगळ्या मांसात मिसळा, म्हणजे तो प्रत्येक घासात येतो. हाडासकट चार किलोच्या कच्च्या तुकड्याचं सव्वादोन-अडीच किलो खाण्याजोगं मांस होतं, पंधरा माणसांना पुरेल एवढं.

त्याला ईस्टर्न कॅरोलायनाच्या धाटणीचा पातळ आंबट-तिखट रस सगळ्यात शोभतो: २५० मिलिलिटर सफरचंदाचं व्हिनेगर, एक मोठा चमचा साखर, एक मोठा चमचा मिरचीचे फ्लेक्स, एक छोटा चमचा मिरपूड, दोन छोटे चमचे मीठ. साखर-मीठ विरघळेपर्यंतच गरम करा, उकळू नका. फॉइलमधला रस मांसात घालणार असाल तर या व्हिनेगरमधलं मीठ निम्मं करा, आणि आधी निम्माच रस घालून चाखा.